महाराजांचा हंस आणि डुंब्या कुत्रा

“ऊन डोक्यावर यायच्या आत हंस माझ्या पायाशी आला पाहिजे. नाहीतर पुढचा बार तुझ्या कुत्र्यावर!”

महिपतराव महाराज असे गरजले, की तळ्यातल्या पाणकोंबड्यासुद्धा लव्हाळ्यात दडल्या.

समोर उभी होती हौसा, तळ्यावरच्या कोळ्याची लेक. तिच्या पायाशी तिचा कुत्रा डुंब्या निथळत बसला होता. शिकारीत पाण्यात पडलेले पक्षी काढून आणायचं काम या दोघांचं. डुंब्याचं तोंड इतकं मऊ, की कोंबडीचं अंडं धरून गावभर फिरला तरी त्याला तडा जायचा नाही. त्या सकाळी पाहुण्यांनी पाडलेली बदकं त्याने एकेक करून काठावर आणून ठेवली होती.

मग महाराजांनी स्वतः बंदूक उचलली. वरून हंसांचा थवा चालला होता. धाडकन बार उडाला, धूरच धूर झाला आणि धुरातून कुणाला काही दिसायच्या आत चौघे ओरडले, “पडला! पडला!”

हे चौघे म्हणजे दिवाणजी, फडणीस, किल्लेदार आणि राजवैद्य. महाराजांचा बार उडाला की ‘पडला’ म्हणायचं, हीच त्यांची खरी चाकरी. मागे एकदा बंदूक चुकून जमिनीकडे उडाली, तेव्हाही ते ‘पडला’ म्हणाले होते!

डुंब्याने सगळं तळं पालथं घातलं आणि रिकाम्या तोंडाने परत आला. हंस पडलाच नव्हता, तर आणणार कुठून? हौसाला ते कळत होतं. पण ‘महाराज, नेम चुकला’ असं म्हणणार कोण? गेल्या साली एका शिकाऱ्याने म्हटलं, तो अजून हत्तीखान्यात लीद उचलतोय.

“कुत्रा कामचुकार आहे, सरकार,” दिवाणजी म्हणाले.

“चोर म्हणा, चोर!” राजवैद्यांनी री ओढली. “वाटेत गिळला असेल. पोट बघा त्याचं!”

डुंब्याला तिने पिल्लू असल्यापासून आपल्या ताटातला घास भरवून वाढवलं होतं. त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून तिने एकदा त्या चौघांकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मिस्कील चमक आली.

“आनते की, सरकार! पर तळ्याची रीत पाळाया हवी. तुमच्या आज्यानं घालून दिलीया.”

“कसली रीत?”

“जो ‘पडला’ म्हनंल, त्यानं पान्यात उतरून जागा दावायची. मग कुत्रा सोडायचा. एवढ्या लव्हाळ्यात मुक्या जनावरानं हुडकायचं तरी कुठं? आनि दुसरी रीत अशी, की जे पडलं ते वाया जाऊ द्यायचं न्हाई. मांस मुदपाकखान्यात, पिसं उशीत.”

“आजोबामहाराजांची रीत मोडायची नाही!” महाराज म्हणाले. “दाखवा रे, कुठे पडला?”

चार हात वर झाले आणि चार दिशांना गेले!

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “एक हंस चार ठिकाणी?”

“सरकारांचा बारच तसा जबरदस्त!” फडणीस घाईघाईने म्हणाले. “पंख एकीकडे, पाय एकीकडे!”

“मग तर चारी जागा बघाया हव्यात,” हौसा म्हणाली.

“मला जरा पडसं आहे...” राजवैद्य पुटपुटले.

“तुम्ही पाहिलंत ना?” महाराजांनी विचारलं.

“पा... पाहिलं, सरकार.”

“मग उतरा!”

नाही म्हणावं तर खोटं उघडं पडतं, हो म्हणावं तर पौषातलं पाणी हाडं गोठवतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि यांच्या नशिबी तर मधोमध तळं! धोतरं खोचून चौघे उतरले.

“दिसला का हंस?” काठावरून महाराज ओरडले.

“दिसेल, सरकार! आत्ता दिसेल!”

“आणखी पुढे व्हा!”

पुढे चिखल होता. दिवाणजी कमरेपर्यंत रुतले. किल्लेदारांची पगडी एकटीच तरंगत निघाली. शेवटी राजवैद्यांचा धीर सुटला आणि त्यांनी हंबरडा फोडला, “मेलो! वाचवा! अहो, हंस पडलाच नाही! आम्ही कुणी काही पाहिलं नाही हो!”



हौसाने शीळ घातली. डुंब्याने पाण्यात उडी घेतली आणि एकेकाचं उपरणं हळूच तोंडात धरून, ओढत ओढत चौघांनाही काठावर आणलं. बदकं ठेवली होती तिथेच, त्यांच्या शेजारी!

महाराजांनी त्या ओल्या रांगेकडे पाहिलं, मग हातातल्या बंदुकीकडे, मग हौसाकडे. आवाज एकदम खाली आला. “म्हणजे हंस पडलाच नाही. म्हणजे माझा नेम चुकला. असंच ना गं पोरी?”



“चुकला? कोन म्हनतं?” हौसा म्हणाली. “सरकार, एका बारात चार पाडलं तुमी! आनि माज्या डुंब्यानं चारी काढून आनलं, एकाला बी दात लागू दिला न्हाई. असा नेम पंचक्रोशीत कुनी बघितलाय व्हय?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग गाल थरथरले. मग पोट! बंदूक बाजूला टाकून ते असे हसत सुटले, की डोळ्यांतून पाणी आलं.

“आणि ती दुसरी रीत गं?” हसू आवरत त्यांनी विचारलं. “पडलेलं वाया घालवायचं नाही ना? या चौघांना पाठवू मुदपाकखान्यात?”

“पाठवा की! शिजायचे न्हाईत, लई जून हायेत. पर सकाळच्या बदकांची पिसं तर उपटत्याल!”

महाराजांनी आपल्या हातातलं चांदीचं कडं काढून हौसाला दिलं. आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला, की आजपासून प्रत्येक शिकारीतल्या पहिल्या पक्ष्याची काळीज-कलेजी डुंब्याची!

त्या संध्याकाळी मुदपाकखान्यात चौघे मुकाट्याने बदकांची पिसं उपटत बसले होते. डुंब्या आपल्या मानाची कलेजी खाऊन शेजारीच पहुडला होता. कुणाच्या हातून एखादं पीस खाली पडलं, की तो उठायचा, ते अलगद तोंडात धरायचा आणि दिवाणजींच्या मांडीवर आणून ठेवायचा.