दोन्ही बाजूंनी आलेली हाळी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या माणसांची नावं त्यांच्या पतवंडांनाही धड सांगता यायची नाहीत. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण तिच्यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका खोल दरीभोवती डोंगरांचं कडं होतं आणि प्रत्येक डोंगरावर एकेक गाव. चालत जायचं तर दिवस मोडायचा, म्हणून बातमी हाळीने जायची. गावच्या उंच खडकावर उभं राहून एकाने ओरडायचं, शेजारच्या डोंगरावरच्याने ऐकायचं आणि पुढच्या डोंगराला ओरडून सांगायचं. हाळी दिली की ती डावीकडेही जायची आणि उजवीकडेही. कानावर पडलेली हाळी अडवणं म्हणजे पाप, असं सगळे मानत. पाठशाळेत पंतोजी तेच घोकून घेत: "हाळी ऐकावी, पुढे द्यावी, मध्ये तोंड घालू नये."

हौसा नावाच्या मुलीने एकदा तोंड घातलं. "पण पंतोजी, हाळीच खोटी असली तर?"

"मोठी माणसं खोटं सांगतील का गं?"

"खोटं नाही सांगणार. पण चुकतील की."

पंतोजींनी तिला दाराबाहेर उभं केलं. ती तशीच घरी गेली आणि परत आली नाही. तिला बोलवायलाही कुणी गेलं नाही. प्रश्न विचारणारं एक पोर कमी झालं, तेवढाच पंतोजींच्या डोक्याचा ताप गेला.

हौसाची थोरली बहीण भागी माथ्यावरच्या गावात दिली होती. ते गाव कड्याच्या बाहेर, फार उंचावर. तिथपर्यंत कुणाची हाळी पोचत नसे. भागीला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती.

त्या महिन्यात माथ्यावरचं कुणीच बाजाराला उतरलं नाही. हौसाच्या गावचे पाटील खडकावर चढले आणि त्यांनी हाळी दिली, "माथ्यावरचे बाजाराला आले नाहीत. आजारी-बिजारी असतील." उतरले, जेवले आणि विसरून गेले.

काही दिवसांनी डावीकडच्या डोंगरावरून हाळी आली: "माथ्यावर तापाची साथ आलीय. माणसं पटापट मरतायत." पाटील घाबरले. दुसऱ्या दिवशी उजवीकडूनही हाळी आली: "माथ्यावरच्या माणसांना शिवू नका." आता तर सगळं गाव चावडीवर जमलं.

"डावीकडून आलं आणि उजवीकडूनही आलं," पाटील म्हणाले. "दोन बाजूंची माणसं काय एकमेकांना विचारून बोलतायत? याहून खरं ते काय असतं?"

पंतोजींनी मान डोलावली. पंतोजींनी डोलावली म्हणून बाकीच्यांनीही डोलावली. गावाची वेस बंद झाली.

आणि त्याच आठवड्यात भागी आली. पोट पुढे, पाय सुजलेले, एका हाताने नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेतलेला.

"ताप? कुठला ताप?" ती वेशीबाहेरून म्हणाली. "आमचा साकव वाहून गेला. ओढा ओलांडायला जवळपास दुसरी वाटच नाही. आम्ही सगळं रान वळसा घालून आलो."

"रोगी माणूस स्वतःहून सांगतं का, मी रोगी आहे म्हणून?" पाटील म्हणाले.

"पाटीलआबा, मग निरोगी माणसाने काय सांगायचं?" हौसाने विचारलं.

"तू गप बस. चार बुकं पुरी केली नाहीस, आणि गावाला शिकवतेस."

हौसाने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे पाहत होता. शेवटी भागीच्या नवऱ्याने तिला वेशीबाहेरच्या गुराख्यांच्या छपरात नेलं. सुईण पाटी घेऊन निघाली होती. तिला सांगितलं, बाहेर गेलीस तर आत येणं नाही. तिच्या घरात तान्ही नात होती. ती मागे फिरली.

"ज्याने ही साथ डोळ्यांनी पाहिली, असा एक माणूस मला दाखवा," हौसा म्हणाली.

"शोधून आण," पाटील हसून म्हणाले. "डोंगर काय पळून जात नाहीत."

ती निघाली. हाळी ज्या डाव्या डोंगरावरून आली, तिथे आधी गेली. हाळी देणारी बाई धान्य पाखडत होती.

"मी कशाला माथ्यावर जाऊ? मला पुढच्या डोंगराने सांगितलं," बाई म्हणाली. "मी आपलं 'पटापट' तेवढं घातलं. नुसतं 'मरतायत' म्हटलं तर आजकाल कोण कान देतंय?"

पुढच्या डोंगरावरच्या म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. "एक माणूस दगावला, असं आलं होतं. एका माणसासाठी खडकावर चढायचं का पोरी? माझे गुडघे बघ. मी म्हटलं, माणसं."

त्याच्या पलीकडचा म्हणाला, "आमच्याकडे ताप आला असंच आलं. आता ताप आला म्हणजे कुणीतरी दगावलंच असणार. लोकांना सावध करायला नको?"

वाईट कुणीच नव्हतं. प्रत्येकाने लोकांच्या भल्यासाठीच चिमूटभर मीठ घातलं होतं. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

कड्याला जवळजवळ पुरा फेरा घालून ती शेवटच्या डोंगरावर पोचली. तिथला गडी सरळ बोलला. "'आजारी असतील' असं आलं होतं. हाळीत 'असतील' कसं बोलायचं? हाळी खणखणीत लागते. मी म्हटलं, आजारी आहेत, ताप आहे. 'शिवू नका' हे मागाहून पलीकडून फिरून आलं, ते तुमच्याकडे दिलं."

"पण 'आजारी असतील' हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

गड्याने शेजारच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "तुमच्याच पाटलांनी की. त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखीन."

हौसाने त्या बाजूला पाहिलं. समोर तिचंच गाव होतं, आणि त्याची बंद वेस.

त्या गड्याला सोबत घेऊन ती धावत परतली. छपराशी पोचली तेव्हा भागी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ गेलं होतं, गळ्याभोवती नाळ होती. सुईणीच्या हाताला ती सोडवता आली असती. नवऱ्याला काय करायचं ते कळलंच नव्हतं.

गड्याने चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं.

"मी साथ म्हणालोच नव्हतो," पाटील म्हणाले. "मी 'असतील' म्हणालो होतो."

"मग तुमचंच बोलणं परत आल्यावर तुम्ही वेस का लावलीत?"

"सगळे सांगत होते गं."

"सगळे म्हणजे तुम्हीच, आबा. तुमचीच हाळी डावीकडून फिरून आली आणि उजवीकडूनही. तुम्ही तिला दोन साक्षीदार समजलात."

पाटलांनी पंतोजींकडे पाहिलं. पंतोजी म्हणाले, देवाच्या मनात होतं. चूक झाली, एवढे दोन शब्द त्या चावडीवर कुणीही बोललं नाही, हौसाचा बापही नाही. भागी अंगात चालण्याइतकं बळ येताच निघून गेली. ती पुन्हा माहेरी आली नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यावरही तिलाच बोल लावला.

हौसा पाठशाळेत गेली नाही. तिने पोरांना खडकावर नेलं आणि एकच गोष्ट शिकवली: हाळी आली, की पुढे द्यायच्या आधी उलट विचारायचं, पाहिलं कुणी? उत्तर आलं, तर ते नावही हाळीबरोबर पुढे जाईल. नाही आलं, तर हाळी तिथेच थांबेल. कड्यावरची बाकीची पोरंही ते शिकली. मोठ्यांनी त्यांना पापाची भीती घातली. पोरं म्हणाली, पाप काय असतं ते आम्ही छपरात पाहिलंय.

पुढे एकदा पाटील पुन्हा खडकावर चढले. "खालच्या गावकऱ्यांनी नदीत काहीतरी कालवलंय," त्यांनी हाळी दिली.

डावीकडच्या डोंगरावरून एका मुलीचा आवाज आला, "पाहिलं कुणी?"

पाटलांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग ते उजवीकडे वळून ओरडले. तिकडूनही तेच आलं, "पाहिलं कुणी?"

ते खाली उतरले. घरी जाऊन बायकोला म्हणाले, पोरं फार उद्धट झालीत. ती हाळी पुढे गेली नाही, आणि त्या दिवशी कुठल्याही गावाची वेस कुणासाठी बंद झाली नाही.

बोध: बातमी किती तोंडांनी सांगितली आणि ती तोंडं किती वयाची होती हे मोजू नका, ती कुणी पाहिली हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत ती पुढे देऊ नका.