स्वयंपाकघरातून जाणारी शीव

इंग्लंडच्या पश्चिमेस, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये विदरकोट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सर्वांत मोठ्या घराच्या स्वयंपाकघराला समोरासमोरच्या भिंतींत दोन दारे आहेत. त्यांतल्या एका दाराला बाहेरून ना पायरी आहे ना पायवाट. ते उघडले की पाय थेट चिखलात पडतो. दोन्ही दारांच्या मधोमध, फरशीतून कमरेएवढा उंच दगड वर आलेला आहे. वर्षातून एकदा, वसंतातल्या एका ठरावीक सोमवारी, सारे गाव एका दाराने आत येते, दगडाला वळसा घालते आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडते. पाहुण्यांना ही जागा दाखवण्याचे काम विनिफ्रेड ट्रिंडर या ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका करतात. त्या सांगतात ती कथा अशी. तिला लेखी आधार आढळत नाही, हे त्या स्वतःच आधी सांगून टाकतात.

गावाच्या एका अंगाला मठाचे रान होते आणि दुसऱ्या अंगाला गावाचे सामायिक रान. मधली शीव दगडांनी आखलेली होती. वाळलेले लाकूड मात्र गोरगरिबांनी दोन्हीकडून न्यावे, अशी मुभा होती; मठातले भिक्षू त्याला दान म्हणत. पुढे राजाने रोमच्या धर्मपीठाशी नाते तोडले, देशातले मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी विकल्या. मठाचे रान क्रॅनथॉर्न घराण्याने घेतले. कालचे दान आज चोरी ठरले, ते असे.

त्या घराण्यातील तिसरा पुरुष सर बेव्हिस क्रॅनथॉर्न. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या अखेरीस त्याने रानाला काटेरी कुंपण घातले. पण ते शिवेवर न घालता बरेच पुढे सरकवले. गावाचे निम्मे सामायिक रान आत गेले. शीव कोठे होती हे सांगणारे कागद मठाबरोबर नाहीसे झाले होते. पूर्वी दरवर्षी गावकरी निशाणे आणि क्रूस घेऊन शिवेवरून फेरी काढत; पण नव्या धर्मव्यवस्थेत ती अंधश्रद्धा मानली गेली आणि पन्नासएक वर्षांत तिच्यासोबत शीवही लोकांच्या विस्मरणात गेली.

त्या हिवाळ्यात थॉमसिन पेग्लर नावाच्या पंचाहत्तर वर्षांच्या विधवेने कुंपण मोडून आतले सरपण आणले. गावात वृद्ध स्त्रीला ‘मदर’ म्हणत, म्हणून ती मदर पेग्लर. शेजारच्या शहरातील दंडाधिकाऱ्याने वसंतात निकाल दिला: सर बेव्हिसचे कुंपण मोडल्याबद्दल तिला पुढच्या आठवड्यात गुरुवारी, भर बाजारात, कमरेपर्यंत उघडी करून फटके मारावेत. फटके मारण्याचे काम गावच्या कॉन्स्टेबलचे, म्हणजे हम्फ्री डाउल या चर्मकाराचे. गावात कोठडी नसल्याने कैदीही त्याच्याच घरी होती आणि त्याच्या बायकोच्या हातचे कांद्याचे सार खात होती.

“मदर पेग्लर, या वयात कुंपण मोडायची काय गरज होती?” हम्फ्री म्हणाला.

“थंडी होती,” ती म्हणाली. “आणि माझ्या मते मी कुणाच्या रानात गेलेच नाही. आठ वर्षांची असताना शिवेच्या दगडावर डोकं आपटून घेतलंय मी. तू जन्मलाही नव्हतास, म्हणून तुला ठाऊक नाही.”

तिचे म्हणणे खरे होते. फेरीच्या वेळी मुलांना प्रत्येक दगडाशी उलटे धरून डोके हलकेच आपटण्याची रीत होती. हेतू हा, की कागद जळला तरी जागा विसरू नये. त्या फेरीतले बाकी सारे आता दफनभूमीत होते.

हम्फ्रीने चर्चचा पाद्री हॅवर्ड याला बोलावले; लोक त्याला मानाने ‘मास्टर’ म्हणत. हा कडक माणूस. चर्चमधल्या संतांच्या मूर्ती आणि क्रूस त्याने स्वतः छिन्नीने तासून काढले होते, असे सांगतात. थॉमसिनने त्याला एकच प्रश्न विचारला: “तुमच्या पुस्तकात शिवेबद्दल काही नाहीच का, मास्टर?”

त्याने धर्मपुस्तकाची पाने उलटली. पुस्तकात होते. राणीचा हुकूमही होता: निशाणे नकोत, क्रूस नकोत, पण गावच्या प्रमुख पुरुषांनी पाद्रीसह शिवेवरून चालावे आणि जागोजागी वचन वाचावे. फेरी बंद ठेवून आज्ञाभंग आपणच केला, हे त्याला उमगले. येता सोमवार हाच फेरीचा दिवस होता.

सोमवारी सकाळी चर्चच्या दारात चाळीस पुरुष जमले. हम्फ्रीच्या शेजारी थॉमसिनही उभी होती. पाद्री थबकला. “बिशपसाहेबांची आज्ञा आहे. फेरीत स्त्रियांनी चालायचं नाही.”

“ती फेरीत नाहीच, मास्टर,” हम्फ्री म्हणाला. “ती कैदेत आहे. कोठडी गावात नाही, म्हणजे कोठडी मीच. कॉन्स्टेबलनं फेरीत चालावं असा हुकूम. आता कोठडी चालायला लागली, तर कैद्यानं काय करावं?”

लोक हसले. पाद्री हसला नाही, त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “हे नियमाला धरून आहे.”

थॉमसिन पुढे, कोठडी मागे, अशी फेरी निघाली. ओढा, खडक, जुना यू वृक्ष, एकेक खूण ती दाखवत गेली. दुपारच्या सुमारास वाट एका भिंतीशी थांबली. ते सर बेव्हिसच्या नव्या घराचे स्वयंपाकघर होते.

“पुढचा दगड आत आहे,” थॉमसिन म्हणाली. “उत्तरेच्या बाजूला, वीतभर उंचीवर, क्रूस कोरलेला आहे. माझा पुढचा दात तिथंच पडला.”

फेरीने सरळ जायचे असते. वाटेत घर आले तर घरातून. आत जायला दार होते. सर बेव्हिस उंबऱ्यात आडवा आला. “दगड? माझ्या घरात? म्हातारीला भ्रम झालाय!”

“आहे की, सर,” आतून स्वयंपाकीण म्हणाली. “त्यावरच तर मी मटण तोडते. उत्तरेला त्या फुलीवर सुरीला धार लावते.”

म्हणे, गावच्या गवंड्यांवर विश्वास नसल्याने सर बेव्हिसने परगावचे गवंडी आणले होते. दगड खोल रुतलेला, खणून निघेना. तो काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्याच्याभोवती फरशी बसवली. गावच्या गवंड्याने क्रूस पाहताच शिवेचा दगड ओळखला असता आणि तिथे थापी ठेवली नसती.

मास्टर हॅवर्ड गुडघे टेकून वाकला. आयुष्यभर क्रूस तासणाऱ्या त्या माणसाने या क्रूसावरून बोट फिरवले आणि उठून पुस्तक उघडले. “आपल्या शेजाऱ्याची शीव सरकवणारा शापित असो.”

चाळीस आवाजांनी ‘आमेन’ म्हटले. सर बेव्हिस गप्प होता.

“सर,” पाद्री शांतपणे म्हणाला, “या वचनाला जो आमेन म्हणत नाही, त्याचं नाव धर्मन्यायालयाला कळवणं मला भाग आहे.”

धर्मन्यायालयाची धास्ती त्या काळी सरदारांनाही होती. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या स्वयंपाकिणीसमोर, सर बेव्हिस म्हणाला, “आमेन.”

समोरच्या भिंतीला दार नव्हते. फेरीत आलेल्या गावच्या गवंड्याने पहार मागितली, आणि संध्याकाळपर्यंत दार झाले. त्यातून पहिली बाहेर पडली थॉमसिन, चिखलात पाऊल टाकत. पलीकडचे कुंपण गावाच्या रानात उभे होते. आता ते सर्वांना दिसत होते. लोकांनी ते त्याच सायंकाळी उपटले. दंडाधिकाऱ्याला पाद्री आणि कॉन्स्टेबल यांच्या सह्यांचे पत्र गेले: गावाच्या जागेतले कुंपण गावकरणीने मोडले, यात गुन्हा कोणता? शिक्षा रद्द झाली. गुरुवारी बाजार भरला तो फक्त बाजारासाठी, आणि थॉमसिनने हम्फ्रीच्या बायकोसाठी कांदे विकत घेतले, असे सांगतात.

आजही फेरीत सर्वांत वयस्क स्त्री पुढे चालते आणि गावाचा पोलीस तिच्या मागे. दगडाशी वचन वाचले जाते, तेव्हा गाव मुद्दाम गप्प राहते. पहिले ‘आमेन’ घरमालकाने म्हणायचे असते. खरेदीखतात तशी अट नाही. दोन वर्षांपूर्वी घर घेतलेल्या लंडनच्या दंतवैद्याने आपल्या पहिल्याच फेरीत, वचन वाचून झाल्यावर, ट्रिंडरबाईंना विचारले, “नाही म्हटलं तर काय होईल?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही थांबू.”

साठ माणसे चिखलाच्या बुटांनी त्याच्या स्वच्छ फरशीवर उभी होती. तो हसला, आणि त्याने म्हटलेले ‘आमेन’ ओढ्यापलीकडच्या कुरणात ऐकू गेले.