सर्जेरावचा ताळा

एका गावात सर्जेराव नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, एवढीच काय ती अडचण. कॉलेजात गणितात तो दोनदा आपटला होता. आता शेवटची फेरपरीक्षा. यातही गेला, तर कॉलेज बंद आणि मामाच्या कोंबड्या राखायच्या, असं आईनं ठरवून टाकलं होतं. सर्जेरावला कोंबड्यांची फार भीती वाटे.

तो गणिताच्या टोपकर सरांकडे गेला. सर म्हणाले, "नुसतं उत्तर देऊ नकोस. ते कसं आलं, ते पहिल्यापासून सांगायचं."

घरी पाहुणे आले होते. घोट घेऊन एक जण म्हणाला, "वा! चहा कुणी केला?"

"मी. आधी दुधात झुरळ पडलं. ते चमच्यानं काढलं. त्याच चमच्यानं साखर घातली. मग..."

पाहुण्यांनी कप खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, ते गणितात! बरं, हे ऐक. कुठं अडलं, तर तिथंच बसायचं नाही. सोडून पुढं जायचं. शेवटी परत यायचं."

आईबरोबर तो बाजाराला निघाला. वाटेत आईचा पदर बोरीच्या काट्यांत अडकला.

"सर्ज्या, सोडव रे!"

सर्जेराव पुढं गेला. भाजी घेतली, दळण आणलं, दाढी केली, भेळ खाल्ली. उन्हं कलल्यावर परत आला.

"मेल्या, होतास कुठं?"

"बाकीचं सगळं उरकलं, आई. तेवढी तूच राहिली होतीस."

सर म्हणाले, "अरे, ते गणितात! आता शेवटचं. झालं की ताळा करायचा. उलटं उलटं मागं जायचं. सुरुवातीला जे होतं तेच आलं, की बरोबर. आणि तुझी खाडाखोड फार, तेव्हा पेन्सिलीनं लिही."

त्या दिवशी सर्जेरावनं विहिरीवरून तीस कळश्या पाणी आणून हौद भरला. मग तीस कळश्या परत विहिरीत ओतल्या. "आई, ताळा जुळला!"

आईनं कोरड्या हौदाकडं पाहिलं आणि मामाला निरोप धाडला.

परीक्षेला टोपकर सरच होते. सर्जेरावच्या मागून जाता जाता त्यांनी वाकून पाहिलं. नऊच्या नऊ गणितं बरोबर! पायरी न् पायरी लिहिलेली. सरांचा ऊर भरून आला. उरलेला अर्धा तास ते खिडकीशी उभे राहून स्वतःशीच हसत होते.

घंटा झाली. सर्जेरावनं उत्तरपत्रिका दिली. पानं कोरी. बाकावर खोडरबराच्या चुऱ्याचा ढीग.

"हे काय रे?"

"ताळा, सर. शेवटच्या गणितापासून पुसत पुसत मागं आलो. सुरुवातीला कोरी होती, कोरीच आली. एक ओळ चुकली नाही!"

सरांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

सर्जेरावला त्यांची दया आली. त्यानं हळूच सरांच्या हातावर हात ठेवला.

"अडलं का सर? सोडा ते. दुसऱ्याचा पेपर घ्या. माझ्याकडे शेवटी परत या."