विश्वंभरानं जिंकलेली भूक

"...मग आता तरी अनुग्रह मिळेल ना, बाबा?"

खाटेवरून विश्वंभरानं विचारलं. नाकात नळी, पोटाला सोळा टाके, आणि चेहऱ्यावर मात्र दिग्विजय.

गेनूबाबा सहसा मठ सोडून हलत नसत. पण शिष्याच्या आतड्याला पीळ पडला, ऑपरेशन झालं, म्हणून ते तालुक्याच्या दवाखान्यात येऊन स्टुलावर बसले होते.

"एवढं झालंय तरी काय?"

"भूक जिंकली!"

भुकेशी विश्वंभराचं जुनं वैर. अकरा वर्षं त्यानं असे उपास केले, की म्हणतात, त्याला येताना पाहून वाण्याच्या दुकानातला साबुदाणा पोत्यातच अंग चोरून बसायचा. तरी तिसऱ्या प्रहरी पोटात कावळे कोकलायचेच. भूक मेल्याशिवाय अनुग्रह मागायचा नाही, हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. बाबांना कुणी विचारलं होतं?

"तीन दिवस अन्नाचा कण नाही, बाबा. पण इच्छाही नाही! काल शेजारच्या खाटेवर भरीत-भाकरी उघडली. सगळा वॉर्ड वळून बघत होता. मी? ढिम्म!"

सलाईनची बाटली बदलता बदलता फिलोमिना सिस्टर खुदकन हसल्या.

"अहो महाराज, ही तुमची तपश्चर्या नाही, आमचं इंजेक्शन आहे. अफूच्या जातीचं. दुखणं झोपवतं, पण आतडंही पेंगतं. पोट मेंदूला भुकेचे सांगावे धाडतं ना, हार्मोनचे... तेही वाटेत अडखळतात. त्यात ऑपरेशनमुळं आतडं आधीच रुसलेलं." मग बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "डॉक्टर आजच दुसऱ्या औषधावर आणतो म्हणाले. हे महाराजच नको म्हणतात."

"दुखण्याच्या भीतीनं?"

"नाही हो. भूक परत येईल म्हणून!"

विश्वंभर भिंतीकडे बघू लागला.

बाबांनी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"उपासात तिसऱ्या प्रहरी काय आठवायचं रे तुला?"

"आईच्या... ताकातल्या कण्या."

"मग?"

"मग आई. ती जाऊन वीस वर्षं झाली. रडू यायचं. रडता रडता देवाला हाक जायची."

"आत्ता मार बरं हाक."

विश्वंभरानं डोळे मिटले. चूल दिसली. कण्यांची वाफ दिसली. आईही दिसली, पण दुसऱ्याच कुणाची असावी तशी. हाक घशापर्यंतसुद्धा आली नाही.

बाबा वाकले. टाके सांभाळून त्यांनी पांघरुणावर, शिष्याच्या पोटाशी, कान नेला.

"कुणी आहे का घरात?"

...

कुणी ओ दिली नाही.

विश्वंभराच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती उतरली.

"सिस्टर... ते इंजेक्शन बदला."

"थोडं दुखेल हं."

"दुखू दे. बदला."

डॉक्टरांनी औषध बदललं. दुसऱ्या दिवशी टाके ठणकू लागले. विश्वंभर कण्हत पडला. बाबा स्टुलावरून उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोटात कुठंतरी गुरगुर झाली. बारीकशीच. पण सिस्टरनी अशी टाळी वाजवली, जणू वॉर्डात पाळणा हलला.

विश्वंभराचा हात आपसूक पोटावर गेला.

"बाबा... कण्या..."

अकरा वर्षं तप केलेला माणूस लहान पोरासारखा रडू लागला. रडता रडता कुणाला हाका मारत होता, आईला की देवाला, ते वॉर्डातल्या कुणालाच कळलं नाही.

रडणं ओसरल्यावर त्यानं तोंड फिरवलं.

"हरलो, बाबा. भूक मेली नाही. आता अनुग्रह काय मागू?"

गेनूबाबांनी स्टूल खाटेला भिडवलं.

"आत्ताच माग."