भुजंगा पुस्तकं वाचतो

चिंचखेड गावात भुजंगा नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव वेगळा शब्द वापरायचं, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

भुजंगा अंगानं दांडगा होता, कामाला वाघ होता. फक्त त्याला काम सांगताना शब्द जपून वापरावे लागत. एकदा आई म्हणाली, "मी बाजारात जाऊन येते, तू दाराकडं लक्ष ठेव." भुजंगा दाराकडं टक लावून बसला. मांजर खिडकीतून आलं, सगळं दूध प्यालं आणि खिडकीतूनच गेलं. आई परतली तेव्हा भुजंगानं छाती फुगवून सांगितलं, "दाराला कुणी बोटसुद्धा लावलं नाही."

अशा भुजंगाला एक स्थळ आलं. मुलगी होती वडजाईच्या खराडे हेडमास्तरांची मंजुळा. तिची अट एकच होती. शेत किती, गुरं किती, हे ती विचारणार नव्हती. नवरा वाचणारा हवा, आणि एकाच जातीची पुस्तकं उगाळणारा नको, सगळ्या तऱ्हेची वाचणारा हवा.

मध्यस्थानं ही अट सांगितली. भुजंगाची आई सरूबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "आमचा भुजंगा? अहो, पुस्तकाशिवाय त्याला घास जात नाही!"

मध्यस्थ खूश होऊन गेला. जेवणाच्या वेळी भुजंगा ताटासमोर हाताची घडी घालून बसून राहिला.

"जेव की मेल्या!"

"घास जात नाही," भुजंगा म्हणाला. "पुस्तक कुठंय?"

सरूबाईनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याला ग्रंथालयात धाडलं. "जा. आप्पांना सांग, निरनिराळ्या तऱ्हेची पुस्तकं द्या. आणि ते सांगतील तसंच्या तसं कर."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं.

गावाला सार्वजनिक ग्रंथालय होतं. त्यात तीन कपाटं होती, पुस्तकं होती, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी होत्या. वाचक तेवढा नव्हता. ग्रंथपाल आप्पा कुलथे दिवसभर माश्या वारत बसायचे. दारात सभासद पाहून ते चक्क उभे राहिले.

"ये, ये! काय हवं? कविता वाचतोस?"

"सगळंच वाचायचंय, आप्पा. लग्न करायचंय."

"मग कवितेपासूनच सुरुवात कर," आप्पा म्हणाले. त्यांनी एक जुना कवितासंग्रह त्याच्या हातात दिला. "आधी नीट चाळून बघ. चाळल्याशिवाय कळत नाही आपल्याला काय आवडतं ते."

भुजंगा घरी गेला. त्यानं गव्हाची चाळण काढली, त्यात पुस्तक ठेवलं आणि अंगणात बसून घाम निथळेपर्यंत चाळलं. मग चाळण घेऊनच तो ग्रंथालयात आला.

"चाळलं, आप्पा. खाली कसर पडली. कविता जाड आहे, ती वरच राहते. दळून आणू का?"

आप्पांनी पुस्तकाकडं पाहिलं. शिवण उसवली होती, पानं लोंबत होती.

"अरे शहाण्या! चाळायचं म्हणजे पान उलटायचं. बोट जिभेला लावायचं, ओलं करायचं आणि एकेक पान हलक्या हातानं उलटायचं. समजलं?"

"समजलं," भुजंगा म्हणाला. आणि खरंच, त्याला शब्दन् शब्द समजला होता.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाचा वर्धापनदिन आला. एरवी या इमारतीकडं ढुंकून न बघणारे सभासद त्या दिवशी पोराबाळांसकट हजर झाले. अध्यक्ष धुमाळांनी वाचनाचं महत्त्व सांगितलं. पुस्तकांविषयी दुसरं कुणी बोललं नाही, जिलबीविषयी सगळे बोलले. अंगणात पत्रावळी मांडल्या, वरणभात, भाजी, जिलबी सगळं वाढून झालं. मंडळी हात धुवायला गेली. जाता जाता आप्पा भुजंगाला म्हणाले, "तू इथंच थांब. तेवढी पानं बघ."

भुजंगा पानं बघू लागला. बोट जिभेला लावलं, ओलं केलं आणि हलक्या हातानं पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग तिसरं. अध्यक्षांचं पान सगळ्यांत भरलेलं होतं, ते उलटायला दोन्ही हात लागले.

मंडळी परतली तर अख्खी पंगत पालथी. शेवटाला भुजंगा उभा, बोट अजून जिभेवर.

"सगळी बघितली, आप्पा," तो म्हणाला. "मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही."

जिलबीसाठी तीन कोसांवरून आलेली माणसं होती. ती काय बोलली ते सोडून देऊ. आचारी मात्र झारा घेऊन धावला. "अन्नाची अशी नासाडी? पानात पडेल ते चाटूनपुसून संपवायचं असतं! कारलं असलं तरी टाकायचं नाही! मग पानाला हात लावायचा!"

भुजंगानं हेही मनात पक्कं धरलं.

आप्पांना वाटलं, याला कविता झेपायची नाही. खाण्यातलं तरी कळेल. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी पाककृतींचं पुस्तक दिलं. भुजंगानं ते घरी नेलं, मांडी घालून बसला आणि पहिल्या पानापासून चाटायला लागला. श्रीखंडाचं पान त्यानं दोनदा चाटलं. कारल्याच्या भाजीचं पान आलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले, पण पानात टाकायचं नाही म्हणजे नाही. लोणच्यांपर्यंत पोचेतो जीभ काळी ठिक्कर पडली.

"चवीला सगळं सारखंच आहे, आप्पा," पुस्तक परत देताना तो म्हणाला. "मीठ कमी."

आप्पांनी ते ओलं पुस्तक दोन बोटांत धरलं. त्यांना स्वतःच्याच नोकरीची शिसारी आली. "अरे गाढवा, पुस्तक तोंडानं खायचं नसतं! त्यात जे लिहिलंय ते हातानं करून बघायचं असतं!"

"तसं आधी सांगायचं," भुजंगा म्हणाला.

त्याला आता पुस्तकांची खरोखरच गोडी लागली होती. मंजुळेला त्यानं एकदा वडजाईच्या एसटी थांब्यावर पाहिलं होतं. ती पुस्तक वाचत वाचत चालत होती आणि सरळ खांबावर जाऊन आपटली होती. ही आपल्यातलीच आहे, असं तेव्हाच त्याच्या मनात आलं होतं. तिच्यासाठी तो वाटेल ते वाचायला तयार होता.

आप्पांनी या वेळी रहस्यकथा दिली. भुजंगानं पहिलंच पान वाचलं. 'बाराचे ठोके पडले. काळ्या वेषातला एक उंच माणूस भिंतीवर चढला आणि त्यानं धनाढ्य शेटजींच्या घरात उडी टाकली.'

लिहिलंय ते करून बघायचं होतं. भुजंगा उंच होताच. त्यानं आईची काळी घोंगडी पांघरली. धनाढ्य म्हणावा असा गावात एकच, अध्यक्ष धुमाळ. शाळेत बाराचे ठोके पडले. भर दुपार होती, पण पुस्तकात दिवस की रात्र ते कुठं लिहिलं होतं? भुजंगा धुमाळांच्या भिंतीवर चढला आणि त्यानं आत उडी टाकली. खाली अध्यक्ष बाजेवर वामकुक्षी घेत होते. उडी पोटावर पडली.

अध्यक्षांची किंकाळी वेशीपर्यंत ऐकू गेली. गडी काठ्या घेऊन आले.

"मारू नका!" भुजंगा ओरडला. "मारायचं कुठल्या पानावर आहे ते मी अजून वाचलेलं नाही!"

गड्यांनी पानाची वाट पाहिली नाही. शेवटी धुमाळ पोट चोळत उठले आणि भुजंगाच्या कानशिलात लगावून म्हणाले, "मूर्खा! पुस्तकातलं सगळं खोटं असतं! मी इतकी वर्षं अध्यक्ष आहे, मी कधी काही करून बघितलंय का? पुस्तक उघडायचं, खो खो हसायचं, उशाखाली ठेवायचं आणि झोपायचं!"

अध्यक्षांचा वाचनाचा अनुभव खरोखरच एवढा होता. तो त्यांनी सगळाच्या सगळा देऊन टाकला.

भुजंगा सुजलेले गाल घेऊन ग्रंथालयात आला. आप्पा म्हणाले, "आता गोष्ट नकोच. हे घे घरगुती औषधांचं पुस्तक. यानं कुणाचं नुकसान होणार नाही."

दुसऱ्या दिवशी सरपण काढताना सरूबाईच्या पायाला विंचू चावला. ती ठणाणा करत अंगणात बसली. "अरे भुजंगा, ते औषधांचं पुस्तक बघ! विंचवावर काय लिहिलंय बघ लवकर!"

भुजंगानं बोट ओलं करून पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "'रोग्यास चालू देऊ नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावे.'"

आणि तो खो खो हसला. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"अरे हसतोस काय मुडद्या?"

"दवाखान्यात न्यावे म्हणे!" भुजंगा पोट धरून म्हणाला. मग त्यानं पुस्तक उशाखाली ठेवलं आणि तो झोपला.

सरूबाईच्या शिव्या ऐकून शेजारी धावले. त्यांनी तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. परत आली तेव्हा पाय भोपळ्यासारखा झाला होता आणि भुजंगा घोरत होता. तिला रडू आलं. पायाचं दुःख होतंच, पण मुलीकडचे पाहुणे रविवारी यायचे होते आणि घरात हा वाचक होता.

रविवारी सकाळी तिनं खाटेवरूनच त्याला हलवलं. "जा, आप्पांना विचार, पाहुण्यांपुढं काय करायचं ते. शेवटचं विचारून ये."

आप्पा तालुक्याला निघाले होते, एसटी धरायच्या घाईत होते. भुजंगाला पाहून त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली.

"आप्पा, आज मंजुळा येणार. पुस्तकांचं काय करू?"

"सार काढ!" आप्पा चालता चालताच म्हणाले. "प्रत्येक पुस्तकाचं सार काढ आणि पाहुण्यांपुढं ठेव."

"सार?" भुजंगा मागं मागं पळाला. "कोकमाचं?"

"कोकमाचं कसलं! पुस्तकांचं! फार पातळ करू नकोस, चांगलं आटव. थोडं तिखटमीठ लाव म्हणजे पाहुण्यांना गोडी वाटेल."

"पुस्तकं कुठली घेऊ?"

"हवी ती घे, हवी तेवढी घे, पण माझी पाठ सोड!" आप्पा ओरडले आणि एसटीत चढले.

ग्रंथालयाला कुलूप कधीच नसायचं. पुस्तकं चोरीला जायची तर गावात आधी वाचणारा चोर हवा. भुजंगानं हातगाडी आणली. पाहुणे किती येतील कुणास ठाऊक, कमी पडायला नको, म्हणून त्यानं तिन्ही कपाटं रिकामी केली. पंगतीचं मोठं पातेलंही तिथंच होतं, तेही घेतलं. परसात तीन दगडांची चूल मांडली आणि जाळ लावला.

खाटेवर पडल्या पडल्या सरूबाईला वास आला. "काय करतोस रे?"

"सार, आई!"

सरूबाईचा जीव भांड्यात पडला. जन्मात पहिल्यांदा पोरानं न सांगता स्वयंपाकाला हात लावला होता. "बरं केलंस. हिंग घाल. वरून जिऱ्याची फोडणी दे."

भुजंगानं हिंग घातला. वरून फोडणी दिली.

ऊन कलताना पाहुणे आले. खराडे मास्तर पुढं, मंजुळा मागं. पुस्तकांच्या बाबतीत तिचा वडिलांवर विश्वास नव्हता, म्हणून ती स्वतः आली होती. आणि ते बरोबरच होतं. कोणत्याही पुस्तकाचं नाव काढा, मास्तर म्हणायचे 'वाचलंय', आणि लगेच विषय बदलायचे.

मंजुळेनं भुजंगाकडं पाहिलं. उंच, धट्टाकट्टा, नजर स्वच्छ. तिला तो वाईट वाटला नाही.

"अलीकडं नवीन काय काय वाचलंत?" तिनं विचारलं.

"सगळ्या तऱ्हेचं तयार आहे," भुजंगा आनंदानं म्हणाला. "आणू?"

"आणा की."

भुजंगानं वाफाळत्या वाट्या आणल्या. मास्तरांनी भुरका मारला, डोळे मिटले आणि मान डोलावली. "वा! काय चव आहे! ओळखीची वाटते."

"तुम्ही वाचलेलं असणार, मास्तर," भुजंगा म्हणाला. "चरित्र आहे ते. वर तरंगतंय ते प्रवासवर्णन. तळाला इतिहास बसलाय, तो जड पडला."

मास्तरांचा भुरका मध्येच थांबला. "दाताखाली काय आलं हे?"

"प्रस्तावना असेल. ती काही केल्या शिजत नाही."

मंजुळेनं अजून वाटी तोंडाला लावली नव्हती. तिनं आत पाहिलं. कागदाचा एक कपटा तरंगत होता. त्यावर छापलं होतं, 'समाप्त'. ती वाचणारी मुलगी होती. तिनं वाचलं, वाटी खाली ठेवली आणि ती उठून चालू लागली. मास्तर तोंडावर उपरणं दाबून तिच्या मागं पळाले. अंगणातल्या तुळशीपाशी त्यांना चरित्र सोसलं नाही.

"अरे शुंभा!" सरूबाई खाटेवरून किंचाळली. "घरात कोकमं नव्हती का?"

"होती," भुजंगा म्हणाला. "आप्पा म्हणाले, कोकमाचं नको."

मंजुळा वळून तरी बघेल म्हणून तो दारात उभा राहिला. ती वळली नाही. त्याचा चेहरा पडला. हिंग कमी पडला असेल का, असा विचार तो करत होता.

इतक्यात आप्पा आले. तालुक्याहून परतताना त्यांनी ग्रंथालयात डोकावलं होतं, आणि तिथून ते चप्पल न घालताच धावत सुटले होते. त्यांनी परसातला जाळ पाहिला, रिकामी हातगाडी पाहिली, ते प्रचंड पातेलं पाहिलं. ते मटकन खाली बसले आणि छाती पिटत म्हणाले, "अरे चांडाळा! सबंध ग्रंथालय बुडवलंस रे!"

भुजंगाला ते ऐकून जरा बरं वाटलं. दिवसभराच्या मेहनतीची दखल कुणीतरी घेतली होती.

"सोपं नव्हतं, आप्पा," कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला. "बुडतच नव्हतं. सारखं वर येत होतं. शेवटी वर पाटा ठेवला, तेव्हा कुठं बुडालं."