उन्हात झाकलेली रास

एका गावात चार घरांचं मिळून एकच खळं होतं. भात झोडून झालं, की चारही घरं आपापलं धान तिथंच वाळत घालायची. थंडी नुकती लागलेली असायची आणि त्या दिवसांतल्या हवेचा काही नेम नसायचा. सकाळी शेकोटी, दुपारी घामाच्या धारा, आणि मध्येच कुठून तरी आभाळ भरून यायचं.

म्हणून त्या घरांनी एक रीत पाडली होती. ढग ज्याला आधी दिसेल, त्यानं "आभाळ!" अशी हाक द्यायची. मग सगळ्यांनी धावायचं, आणि हाक देणाऱ्याची रास सगळ्यांत शेवटी झाकायची. का, तर ज्याला आधी कळलं, त्यानं आधी स्वतःचं साधून घ्यायचं नाही.

त्या चार घरांत एक बाई होती. आवाज असा खणखणीत, की तिनं गाय हाकारली तर डोंगरापलीकडची गुरं माना वर करत. आभाळाची हाक बहुतेक वेळा तिचीच असे, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

पण त्या वर्षी तिचं शेजारणीशी बिनसलं. खळं सारवताना शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अगं, हे सारवलंयस की नांगरलंयस?" सगळ्या हसल्या. बाईही हसली, पण ते हसू तिच्या घशाखाली काही उतरलं नाही.

एका दुपारी बाकीचे जेवून कलंडले होते. बाई खरकटं टाकायला बाहेर आली, तो डोंगराच्या माथ्यावर काळा ढग. हाक देण्यासाठी तिनं छाती भरून श्वास घेतला. समोर शेजारणीचं धान पसरलेलं होतं. पुढच्या पेरणीचं बियाणं. भिजलं तर कोंब फुटून वाया जाणार. तेवढ्यात 'नांगरलंयस' हा शब्द तिच्या कानात वाजला, आणि भरलेला श्वास तिनं नाकावाटे हळूच सोडून दिला.

मग आवाज न करता तिनं आपलं धान ओढून रास केली, वर घोंगडी टाकली, कडेचे दगडसुद्धा अलगद ठेवले. आणि दाराआड जाऊन बसली.

टपटप चार थेंब पडले. तोच वारा फिरला, ढग डोंगरापल्याड निघून गेला आणि लख्ख ऊन पडलं.

बाई रास उघडायला धावली, तर शेजारीण आणि समोरच्या घरची आजी आधीच बाहेर उभ्या. तीन घरांचं धान उन्हात पसरलेलं, आणि मधोमध तिची एकटीची रास घोंगडी पांघरून बसलेली.

"काय गं, तुझ्या भाताला हिव भरलंय का?" आजीनं विचारलं.

शेजारणीनं सारवणावरचे थेंबांचे डाग पाहिले, घोंगडीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तू हाक दिली असशील गं. मीच मेली घोरत पडले होते."

बाईनं मान डोलावली. डोलावताना तिला वाटलं, यापेक्षा आपल्याच धानावर पाऊस कोसळला असता तर बरं झालं असतं. खाली मान घालून तिनं घोंगडी काढली आणि धान पुन्हा पसरलं.

ऊन कलताना ढग परत आला. या वेळी हाक शेजारणीची होती. "आभाळ!" रीतीप्रमाणे तिची रास शेवटी, म्हणून ती धावली ती थेट बाईच्या धानाकडे. घोंगडीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं बाईच्या. सरी सुरू झाल्या. पलीकडे शेजारणीचं बियाणं भिजू लागलं, आणि बाईला हातातलं टोक धरवेना.

"दुपारी मी हाक दिलीच नव्हती," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," शेजारीण म्हणाली. "तू हाक दिली असतीस तर मेलेलंही उठलं असतं. त्या कोपऱ्यावर दगड ठेव आणि चल, माझं राहिलंय."

बाई जिवाच्या आकांतानं धावली. तरी कडेचं बियाणं भिजलंच.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच बाईनं खळ्यातली आपली उन्हाची जागा मोकळी केली आणि शेजारणीचं ओलं धान तिथं पसरलं. तिला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

तात्पर्य: दिलेली हाक एखादे वेळी वाऱ्यावर विरून जाते, गिळलेली हाक मात्र साऱ्या गावाला ऐकू जाते.