दर्याचा नारळ

दामोदरशेठच्या मच्छीमार बोटीच्या इंजिनाचं हेड तडकलं. नवं आणायचं सोडून शेठनी वेल्डिंग करून तडा बुजवला. "नव्यासारखं झालंय, उगाच घाबरू नका!"

नारळी पौर्णिमेला शेठ धक्क्यावर दर्याला नारळ वाहायला आले. बोट नेणाऱ्या तांडेलाची बायको अनशी, तिनं नारळाचं ताट पुढे केलं. शेठ ओरडले, "अगं, हा तर तडकलेला! लाखेनं बुजवलायस?"

अनशीनं ताट तसंच पुढे धरलं.

"नव्यासारखा झालाय, शेठ."

"असला नारळ दर्याला चालतो होय?"

"का नाही? नारळाला कुठं परत यायचंय? माझ्या नवऱ्याला यायचंय."

बोट आठवडाभर उशिरा निघाली, नवं हेड घालून. शेठ अजून सांगत फिरतात, "माणसांच्या जिवाशी मी तडजोड करत नाही!"